नातू अजून ‘काहीच’ का करत नाही?

शुक्रवारी रात्री किद्दुश होतो, जेवण आटोपते, आणि आपल्या पुष्कळ घरांत एकच विषय निघतो. नातू लष्करातून सुटून वर्ष होत आले. तो पेट्रोल पंपावर काम करतो, नाहीतर एखाद्या हॉटेलात. पुढे काय म्हणून विचारले तर “साबा, यिहिये बेसेदेर” म्हणतो आणि फोनकडे वळतो. आजोबांना राहवत नाही. “तुझ्या वयात मला नोकरीत चार वर्षं झाली होती, घरी पैसे देत होतो,” असे ते ऐकवतात. मग आई मध्ये पडते आणि चहा येतो.

आजोबांचे म्हणणे खोटे नाही. आपल्यापैकी जे मुंबईत वाढले त्यांची वाट सरळ होती. मॅट्रिक व्हायचे, टायपिंग शिकायचे, आणि रेल्वे, पोस्ट, कस्टम्स, गोदी यांपैकी जिथे ओळखीचा माणूस असेल तिथे अर्ज द्यायचा. मुली नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या. त्याआधीच्या पिढ्यांचेही तेच. कोकणात तेलाचा घाणा बापाकडून मुलाकडे जाई, पुढे पलटणीतल्या माणसाचा मुलगा पलटणीत जाई. इस्राएलला आल्यावर तर काय व्हायचे आहे हे विचारायला कोणी थांबलेच नाही. दिमोनाला घर मिळाले तर कापडगिरणी किंवा याम हामेलाखचे कारखाने, लोदला मिळाले तर तासिया आविरित, अश्दोदला मिळाले तर बंदर. क्विउत मिळाली की देवाचे आभार मानायचे आणि पेन्शनपर्यंत तिथेच राहायचे.

नातवंडांची वाट अशी नाही. ती लांब आहे, तिला फाटे आहेत आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती थांबल्यासारखी दिसते. ती कशी चालते हे आपण समजून घेतले तर शुक्रवारचे अर्धे वाद मिटतील. उरलेला अर्धा वाद मात्र घालण्यासारखा आहे. तो कोणाशी आणि कधी घालायचा, ते पुढे येईलच.

आधी पेट्रोल पंपाचे पाहू. लष्करातून सुटणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर सरकार काही रक्कम ठेवते, तिला पिकादोन म्हणतात. ही रक्कम पहिली पाच वर्षे ठराविक कामांसाठीच काढता येते : शिक्षण, धंद्याचे प्रशिक्षण, लग्न, घर, स्वतःचा व्यवसाय, गाडी चालवायला शिकणे. पाच वर्षांनंतर उरलेले पैसे कशालाही वापरता येतात. याशिवाय ‘आवोदा मुआदेफेत’ नावाची सोय आहे. देशाला ज्या कामांत माणसे कमी पडतात, जसे पेट्रोल पंप, हॉटेल, बांधकाम, शेती, अशा मान्य केलेल्या कामात सुटलेल्या सैनिकाने सहा महिने काढले तर त्याला पगाराशिवाय वेगळे अनुदान मिळते. तेव्हा पंपावर उभा असलेला नातू कदाचित फीची तजवीज करत असेल. सरकारी अनुदान असलेल्या विद्यापीठात पहिल्या पदवीची वर्षाची फी साधारण दहा ते बारा हजार शेकेल असते. खासगी कॉलेजात ती तिपटीपर्यंतही जाते. आई-बापांवर भार नको म्हणून मुले स्वतः कमावून शिकतात, हे आपल्याला आवडायलाच हवे.

त्यातले काही पैसे प्रवासात जातात, हेही खरे. आणि प्रवास कुठला, तर होदू! मनाली, धरमकोट, गोवा. आपण जिथून आलो त्याच देशात ही मुले तीन-चार महिने हिंडतात आणि अलिबाग, रेवदंडा, नवगाव न बघता परत येतात. निघण्याआधी त्यांच्या हातात गावाचे नाव लिहून द्यावे, एवढे तरी आपण करू शकतो.

परत आल्यावर प्सिखोमेट्री असते. ही विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा आहे. तिच्यात भाषा, गणिती विचार आणि इंग्रजी असे तीन भाग असतात आणि गुण २०० ते ८०० यांच्या दरम्यान मिळतात. ती पुन्हा देता येते आणि वरचा निकाल धरला जातो. म्हणून “परत बसतोय” याचा अर्थ नापास झाला असा होत नाही. बगरूतची सरासरी आणि प्सिखोमेट्रीचे गुण एकत्र करून जो आकडा निघतो त्याला सेखेम म्हणतात, आणि बहुतेक दरवाजे त्यावर उघडतात. वैद्यकीसाठी प्सिखोमेट्रीत साधारण ७००च्या वर लागतात. काही विषयांना आणि बऱ्याच कॉलेजांना एकट्या बगरूतवरही प्रवेश मिळतो.

या सगळ्यात मूल बावीस-तेवीसचे होते. इथल्या हिशेबाने हा उशीर नाही, वर्गातले बाकीचेही त्याच वयाचे असतात. त्याच्याविषयीची काळजी आपण थोडी कमी केली तरी चालेल. काळजी करायचीच असेल तर ती घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या धाकट्या नातवंडाची करावी, कारण खरी निवड तिथे होते. गंमत अशी की त्या वेळी घरात कोणी त्याविषयी बोलत नाही.

ते कसे, हे जरा सविस्तर सांगतो. बगरूतमध्ये प्रत्येक विषय येखिदोतमध्ये मोजतात, म्हणजे एककांत. गणित आणि इंग्रजी तीन, चार किंवा पाच येखिदोतचे घेता येते. तीन सोपे, पाच अवघड. सातवी-आठवीपासूनच मुलांचे गणिताचे गट पाडायला सुरुवात होते, त्यांना हाकबात्सोत म्हणतात. दहावीच्या सुमारास कोण तीन घेणार, कोण चार आणि कोण पाच हे जवळजवळ ठरून जाते. पाचावरून चारावर उतरणे कधीही सोपे असते. तीनावरून पाचावर चढणे फार कठीण, कारण मधला अभ्यासक्रम सुटलेला असतो.

आता हिशेब पाहा. पाच येखिदोतचे गणित उत्तीर्ण झालेल्याला विद्यापीठे त्या विषयात ३५ गुण जादा धरतात. इंग्रजीच्या पाच येखिदोतला २५. म्हणजे गणितात पाच येखिदोत घेऊन ७० मिळवणाऱ्या मुलीचे प्रवेशाच्या वेळी १०५ धरले जातात. तीन येखिदोत घेऊन १०० पैकी १०० आणणाऱ्या तिच्या मैत्रिणीचे १००च राहतात. घरी मात्र शंभर आणणारीचे पेढे वाटले जातात आणि सत्तर आणणारीला “अभ्यास कर जरा” असे ऐकावे लागते! इंग्रजीचेही तसेच. तीन येखिदोतच्या इंग्रजीवर बगरूतचे प्रमाणपत्र मिळते, पण विद्यापीठे साधारणपणे किमान चार मागतात. प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि दरवाजा बंदच राहतो, असे का झाले हे मुलाला वीस वर्षांचे झाल्यावर कळते.

लष्करातही हे आकडे मागे लागतात. सोळा-सतरा वर्षांचे असताना त्साव रिशोन येतो. त्या वेळी वैद्यकीय तपासणी, बुद्धीच्या चाचण्या आणि मुलाखत होते. कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या तुकड्यांत कोणाला बोलवायचे हे बघताना शाळेत काय शिकला हेही बघतात, आणि तिथे शिकलेले काम पुढे नोकरीला उपयोगी पडते. आतुदा नावाची वाट आहे, तिच्यात मूल आधी पदवी घेते आणि मग त्याच विषयात लष्करात काम करते. सेवेची वर्षे वाढतात. तीही चांगल्या बगरूतशिवाय उघडत नाही.

आम्ही हे एवढे लांबवून सांगत आहोत त्याला कारण आहे. साठ-सत्तरच्या दशकांत नव्या वसाहतींच्या गावांतल्या मुलांना मोठ्या संख्येने धंदेशिक्षणाच्या वर्गांत घातले गेले. मुलगे मासगेरूतला, म्हणजे फिटरकामाला, आणि मुली शिवणकामाला. मोरोक्को, इराक, येमेन आणि भारतातून आलेल्या घरांतली ती मुले होती. यांतल्या बऱ्याच वर्गांच्या शेवटी पूर्ण बगरूत नव्हती. आपल्यापैकी अनेकांना तेव्हा वाटले की मुलगा हाताचे काम शिकतो आहे, बरेच झाले. आपल्याला हिब्रू नीट येत नव्हते, शाळेतून आलेल्या कागदावर सही करायची एवढेच ठाऊक होते. त्या सहीने काय बंद झाले हे समजायला आपल्या मुलांची चाळिशी यावी लागली.

आज तसे कोणी सरळ सांगत नाही. आज शाळेत प्रेमाने म्हणतात, “तीन येखिदोत पुरे, उगाच ताण कशाला?” कधी हा सल्ला अगदी योग्य असतो, प्रत्येक मुलाला पाच झेपतील असे नाही. पण तो सल्ला कोणाला लवकर दिला जातो आणि कोणाला उशिरा, याकडे आपले लक्ष हवे. ज्या घरातून कोणी विचारायला येत नाही त्या मुलाला तो लवकर मिळतो, असे आमचे मत आहे. योम होरीमला आई-बाप कामावरून दमून जातात, शिक्षिकेची पाच मिनिटे मिळतात, वर्तणुकीवर बोलणे होते आणि गणिताचा गट राहून जातो.

आपल्या समाजात ध्येय ठरवून पुढे गेलेले कोणी नव्हते असे नाही. डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव आपल्या वयाच्या लोकांना सांगायला नको. कामा हॉस्पिटलात जन्मलेले आपल्यात बरेच आहेत. लहानपणी बहिणीच्या आजारात त्याच हॉस्पिटलातील स्त्री-डॉक्टरचे काम त्यांनी पाहिले आणि आपणही डॉक्टर व्हायचे असे मनात धरले. पण पुढचे बघण्यासारखे आहे. मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून झाल्यावर लंडनला जायला पैसे नव्हते, तेव्हा टाटांकडून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळवली. नंतर भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली. १९१९ मध्ये लंडनची एम. डी. झाली. परत येऊन त्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९४७ पर्यंत त्या जागेवर होत्या. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अकरा-बारा वर्षांच्या मुलीने डॉक्टर व्हायचे म्हणणे ही नवलाची गोष्ट नाही, आपली नात परवा तेच म्हणाली असेल. कुठली परीक्षा, कुठला अर्ज, कोणाकडून पैसे, हे एकेक करून शोधणे हे कठीण काम होते आणि ते त्यांनी केले.

ज्यांची वेळ गेली असे वाटते त्यांच्यासाठीही इथे वाटा आहेत, त्या माहीत असू द्याव्यात. बगरूत अपुरी असेल किंवा गुण कमी असतील तर विद्यापीठांत आणि कॉलेजांत मेखिना असते. साधारण वर्षभर शिकून प्रवेशाची पात्रता मिळवता येते, आणि लष्करातून सुटलेल्यांना तिथे आर्थिक मदतही मिळते. ओपन युनिव्हर्सिटीत पहिल्या पदवीला बगरूत किंवा प्सिखोमेट्री लागतच नाही. विषय घ्यायचा, उत्तीर्ण व्हायचे, पुढे जायचे. नोकरी करणाऱ्या तीस वर्षांच्या आईलाही ते जमते.

आणि हांदेसाईला कमी लेखू नये. साधारण दोन वर्षांत हा डिप्लोमा होतो : इलेक्ट्रिसिटी, यंत्रे, बांधकाम, सॉफ्टवेअर असे विषय आहेत. दिमोना-बेएर शेवाच्या बाजूला कारखान्यांना अशी माणसे हवीच असतात, आणि पुढे इंजिनिअरिंगला गेले तर काही विषयांची सूटही मिळते. परवाना असलेला चांगला इलेक्ट्रिशियन आज पुष्कळ पदवीधरांपेक्षा जास्त कमावतो. मासगेरूतविषयी आमची तक्रार हाताच्या कामाबद्दल नाही. ते काम मुलाने निवडलेले नव्हते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तेव्हा मोठ्या नातवाला “काय होणार तू?” हे विचारणे थांबवले तरी हरकत नाही. त्याऐवजी तुम्ही काय काम करत होता ते त्याला सांगा, पगार आणि साहेबांसकट. गोदीत माल कसा मोजायचे, वॉर्डात रात्रपाळी कशी असे, गिरणीचा आवाज घरी आल्यावरही कानात कसा राहत असे. कुठले काम आवडले असते पण मिळाले नाही, तेही. या मुलांनी काम करणारी माणसे फार थोडी जवळून पाहिलेली असतात. आई-बाप दिवसभर कॉम्प्युटरसमोर काय करतात हे त्यांना सांगता येत नाही.

धाकट्याला मात्र नेमके विचारा : “गणिताच्या कुठल्या हाकबात्सात आहेस? किती येखिदोत घेणार?” उत्तर ‘तीन’ आले तर का, हे विचारा. मुलाची इच्छा, की शिक्षिकेचा सल्ला, की सगळे मित्र तिकडे आहेत म्हणून? नंतर मुलीला किंवा सुनेला शांतपणे सांगा, की योएत्सेतची वेगळी वेळ घेऊन हाच एक प्रश्न विचार. अजून आठवी-नववी असेल तर खासगी शिकवणीने गट बदलता येतो. शिकवणीला पैसे लागतात, आणि तरुण घरांत नेमके तेच कमी असतात. बार-मित्झ्वा तेराव्या वर्षी होते, म्हणजे गट पडायला लागतात त्याच सुमारास. त्या दिवशीच्या पाकिटातले किंवा बात-मित्झ्वाच्या सोन्यातले थोडे बाजूला काढून नववीच्या गणितासाठी ठेवता आले, तर आई-बापांशी आधीच बोलून तसे ठरवावे.