पाण्याखाली घशाशी येणारं पित्त

(उचगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, उचगावात समुद्र कुठनं आला? हायवेवर कितीही वेळ उभं राहिलं तरी समुद्र दिसत नाही, हे खरं. पण शुक्रवारी रात्री इथली पोरं गाडी काढतात, गगनबावडा किंवा राधानगरी-फोंडा करत घाट उतरतात आणि सकाळी मालवणात होडीत बसलेली असतात. बरेच जण एकदा पाण्याखाली जाऊन, मासे बघून, व्हिडिओ काढून परत येतात. पण आता काही जण रीतसर कोर्स करतात. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबाचं प्रशिक्षण केंद्रच आहे. आणि २०१९ चा, मग २०२१ चा पूर बघितल्यावर पाण्यातलं शोधकाम शिकावं असं वाटणारेही इथं बसलेत. म्हणजे दिवसातून दोन-तीन वेळा बुडी, मधे होडीत बसणं, पुन्हा बुडी. अशांच्या तोंडून एक तक्रार हमखास येते: "जमिनीवर एवढं काही नसतं, पाण्यात गेलं की घशाशी येतं."

आपण त्याला पित्त म्हणतो. पित्त खवळलं, पित्त उसळलं. पण डॉक्टरी भाषेतलं पित्त यकृतात तयार होतं आणि जठराच्या पुढं, लहान आतड्यात उतरतं. तुमच्या घशाशी जे आंबट, करपट येतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूंचा एक वळसा असतो, थैलीच्या तोंडाला नाडी ओढावी तसा. घास आला की तो सैल होतो, एरवी आवळलेला. ढेकर येतानाही तो सैल होतो. हे ढेकरेचं लक्षात ठेवा, कारण पाण्याखालची निम्मी गोष्ट ढेकरेचीच आहे.

आपण उभे असतो तेव्हा जठरात आम्ल खाली आणि हवा वर, त्या तोंडाजवळ असते. ढेकर दिली की हवा बाहेर पडते, आम्ल जागेवर राहतं. आता पाण्याखाली काय होतं बघा. तुम्ही उभे नसता. आडवे असता, आणि खाली जाताना तर कित्येक जण डोकं खाली, पाय वर. हवा सरकते पायाच्या बाजूला आणि आम्ल येतं थेट तोंडाशी. अशात ढेकर आली तर हवेऐवजी काय येणार, ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट दाबाची. पाण्यात उभं राहिलं तर पोट छातीपेक्षा खोल असतं, म्हणून पोटावर पाण्याचा दाब थोडा जास्त. छातीच्या आतला दाब मात्र तोंडातल्या रेग्युलेटरवर ठरतो, आणि तो तर आणखी वर असतो. म्हणजे खालून ढकललं जातंय आणि वर ओढ आहे. त्यात घट्ट वेटसूट, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा, जॅकेटचा पट्टाही पोटावरच. टूथपेस्टची ट्यूब मधे दाबली तर पेस्ट कुठं जाते?

तिसरी गोष्ट गिळलेल्या हवेची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष हिच्याकडं होतं. नवखा माणूस घाबरलेला असतो, सारखा गिळतो. कानातले दडे काढायलाही काही जण गिळतात. प्रत्येक गिळण्याबरोबर थोडी हवा पोटात जाते. रॉबर्ट बॉइलनं १६६२ साली मांडलेला नियम शाळेत शिकलाय तुम्ही: दाब दुप्पट, तर वायूचं आकारमान निम्मं. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं कपभर हवा पोटात गेली, तर वर येईपर्यंत ती दोन कप होते. वीस मीटरवर गेली तर तीन. म्हणून खाली असताना ठीक वाटतं आणि वर येताना पोट फुगतं, ढेकर येते, जळजळ सुरू होते. लोक म्हणतात, बुडी संपल्यावर त्रास झाला. त्रासाचं बी खालीच पेरलेलं असतं.

मग तुम्ही म्हणाल, जळजळीनं कोण मरतं? जळजळीनं नाही. जळजळीमुळं माणूस जे करतो त्यानं धोका होतो. आम्ल स्वरयंत्रापर्यंत आलं की जोरात खोकला येतो, कधी घसा एकदम आवळतो, श्वास अडकतो. जमिनीवर पाठीवर थाप मारली, पाणी प्यायलं, झालं. पाण्याखाली माणूस घाबरतो आणि सुसाट वर पळतो. घसा आवळलेला असताना वर आलात तर फुप्फुसात अडकलेली हवा बॉइलच्याच नियमानं फुगते आणि फुप्फुसाला इजा करू शकते. त्यासाठी फार खोल जावं लागत नाही. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तर हे जास्तच मनावर घ्यावं, कारण श्वासनलिकेत गेलेलं थोडं आम्लसुद्धा दमा उठवू शकतं.

आता उपाय. आधी काय करू नये ते सांगतो, कारण ते सगळे करतात. होडीत बसण्याआधी इनो. (हशा) हसू नका, बॅगेत पुडी असतेच. फसफसणाऱ्या पावडरीत खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल असतं. दोन्ही मिळून कार्बन डायऑक्साइड तयार करतात. घरी बसून ढेकर देण्यापुरतं ठीक आहे. पण बुडी मारण्याआधी पोटात मुद्दाम वायू भरायचा, हे कुठलं शहाणपण? सोडावॉटर, कोल्ड्रिंक यांनाही हेच लागू.

दुसरं, दूध. आपण कोल्हापूरची माणसं, कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणारी. दुधानं घटकाभर गार वाटतं, खोटं नाही. पण सायीचं दूध जठरातून लवकर पुढं सरकत नाही आणि पोट नंतर आणखी आम्ल सोडतं. बुडीच्या दिवशी सकाळी दूध नको.

तिसरं, ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या गोळ्या. चांगली औषधं आहेत, पण होडीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात, आणि पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात. ज्याला खरंच गरज आहे त्यानं डॉक्टरांना विचारून आठवडाभर आधी सुरुवात करावी. आणि एक लक्षात घ्या: ही गोळी आम्ल कमी करते, वर येणं थांबवत नाही. जळजळ गेली तरी पातळ पदार्थ घशाशी येऊ शकतो, खोकला येऊ शकतो. गोळी घेतली म्हणून भरपेट खाऊन उतरू नका. बोट लागू नये म्हणून उलटीची गोळी घेत असाल तर ती आधी जमिनीवर घेऊन बघा. बऱ्याच गोळ्यांनी पेंग येते.

खाण्याचं साधं आहे, पण आपल्याला अवघड जातं. आदल्या रात्री तांबडा-पांढरा नको, जेवण लवकर, आणि झोपताना डाव्या कुशीवर. त्या बाजूला जठराचं तोंड आम्लाच्या वर राहतं. रात्रभर घाटात गाडी हाणून, पहाटे कट मारून मिसळ खाऊन थेट होडीत बसायचं, हा जो आपला रिवाज आहे ना, तो मोडा. शक्य असेल तर आदल्या दिवशीच पोचा. सकाळी बुडीच्या दोनेक तास आधी थोडं खा: इडली, पोहे कमी तेलाचे, भाकरी. एकदम उपाशीही जाऊ नका, रिकाम्या पोटी बोट जास्त लागते. दोन बुड्यांच्या मधे एखादं केळं, पाण्याचे छोटे घोट. वडापाव आणि चहा संध्याकाळी. मालवणी थाळी तर सगळ्यात शेवटी. आणि ती खाऊन लगेच सीट मागं टाकून घाट चढू नका. तसंही दिवसभर बुड्या मारून त्याच दिवशी घाट चढणं बरं नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचा प्रश्न असतो. तो वेगळा विषय आहे, प्रशिक्षकाला विचारा आणि रात्र तिथंच काढा.

पाण्यात उतरताना नांगराचा दोर धरून पाय खाली ठेवून उतरा. याचा कानालाही फायदा होतो. कानातले दडे लवकर, हळूच, नाक धरून काढा. सारखं गिळू नका. वजनं पट्ट्याऐवजी जॅकेटच्या खिशात घालता येतात का, ते प्रशिक्षकाला विचारा. पट्टा सैल ठेवू नका बरं का, तो घसरला तर वेगळीच आफत. फक्त पोटावर करकचून नको, आणि वेटसूट मापाचा घ्या, मित्राचा नको. वर येताना सावकाश, मान वर, शरीर उभं, श्वास चालू. ढेकर आली तर अशी उभी अवस्था असतानाच येऊ द्या.

आणि खालीच उलटी झाली तर? रेग्युलेटर तोंडातून काढायचा नाही. तो दातात धरून त्यातूनच उलटी करायची, मग बटण दाबून तो साफ करायचा, नाहीतर जोडीदाराला खूण करून दुसरा रेग्युलेटर घ्यायचा. ऐकायला किळसवाणं आहे. पण रेग्युलेटर काढला की उलटीनंतरचा पहिला श्वास पाण्याचा जातो. हे उथळ पाण्यात प्रशिक्षकासमोर समजून घ्या.

कोर्सच्या आधी एक वैद्यकीय फॉर्म भरून घेतात. त्यात वारंवार जळजळ होते का, असा प्रश्न असतो. आपली पोरं सरसकट "नाही" वर खूण करतात, कारण "हो" म्हटलं तर डॉक्टरची चिठ्ठी लागते, पैसे भरलेले असतात. चिठ्ठी आणा. आठवड्यातून दोन-तीनदा त्रास होत असेल, घास अडकत असेल, हायटस हर्निया सांगितला असेल, किंवा त्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी दाखवा. ऑपरेशननंतर काही जणांना ढेकरच देता येत नाही. त्यांच्या पोटात फुगलेली हवा बाहेर कुठून पडणार?

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, माझं वय पंचेचाळीस. मागच्या वेळी दुसऱ्या बुडीनंतर छातीत जळजळ झाली, घाम पण आला. पित्तच असंल न्हवं?)

दादा, मी इथून सांगू शकत नाही, आणि तुम्हीही स्वतःच्या मनानं सांगू नका. पाण्यात शिरलं की हातापायातलं रक्त छातीकडं ढकललं जातं, हृदयावर भार पडतो. घाम, दम लागणं, डाव्या हाताकडं किंवा जबड्याकडं जाणारी कळ यातलं काहीही सोबत असेल तर ते हृदयाचं नाही हे आधी सिद्ध झालं पाहिजे. बुडीनंतर छातीत दुखणं फुप्फुसाच्या इजेमुळंही असू शकतं. पुन्हा असं झालं तर त्या दिवशीची बुडी बंद, होडीवाल्याला लगेच सांगायचं, आणि तिथल्याच दवाखान्यात जायचं. घाट चढून कोल्हापूरला येईपर्यंत थांबायचं नाही. आणि मागच्या वेळचं आहे ते उद्याच दाखवा. ईसीजी काढा, डॉक्टरांना स्कूबा करतो म्हणून स्पष्ट सांगा. तोपर्यंत पाण्यात उतरू नका.