लहान वृद्धनिवासातला दिवस

सहाय्यित निवास म्हणजे आंघोळ, औषधे, चालणे यांत मदत लागणाऱ्या ज्येष्ठांचे घर. मुंबईतल्या मालाडसारख्या उपनगरात जागा महाग, अंगण दुर्मिळ. त्यामुळे अशा लहान घरात दिवस कशाने भरायचा, हा प्रश्न टाळता येत नाही. वेळापत्रकात ‘करमणूक’ लिहून टीव्ही लावून देणे सोपे, पण ते पुरत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि जुडिथ रॉडिन यांनी 1976 साली एका शुश्रूषागृहातील प्रयोग प्रसिद्ध केला. काही ज्येष्ठांना छोटे निर्णय स्वतः घ्यायला सांगितले आणि सांभाळायला एक रोप दिले; इतरांच्या रोपांची काळजी कर्मचाऱ्यांनी घेतली. पहिला गट अधिक उत्साही आणि सजग दिसला. म्हणजे रोपाइतकीच त्याची जबाबदारी महत्त्वाची.

मेथी निवडणे, वाटाणे सोलणे, वाती वळणे, कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे म्हणूनच मोलाची. हात ओळखीच्या हालचाली सहजासहजी विसरत नाहीत, आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांनाही ती बरेचदा जमतात. काम मात्र खरे हवे. निवडलेली भाजी त्याच दिवशी शिजावी. आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या गृहस्थाला मेथीपेक्षा वाणसामानाची यादी भावेल. मालाडमधल्याच ओर्लेमच्या ख्रिस्ती आजींना जपमाळ, शेजारच्या काकूंना हरिपाठ.

व्यायामासाठी खुर्चीत बसून हातपाय हलवणे पुरते. अंधेरीत 1995 साली डॉ. मदन कटारियांनी सुरू केलेल्या हास्यक्लबातले व्यायामही बसून करता येतात. संध्याकाळी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अस्वस्थता बरेचदा वाढते. तेव्हा दिवे लवकर लावावेत, गोंगाट कमी ठेवावा आणि नवे काही शिकवू नये.