मागची उंची : चाळीस आणि चव्वेचाळीस दात्यांचा हिशेब

आमच्या हरमलसारख्या किनाऱ्यावरच्या गावात हिवाळ्यात तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या येऊन थांबतात. त्यांत क्वचित एखादी जुनी, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कारही असते. मागून नीट पाहिले तर अशा गाडीचे एक अंग कधी कधी खाली बसलेले दिसते, जणू मागच्या आसनावर कोणी जड पाहुणा बसला आहे. गाडी रिकामी असते, तरी ती बसलेलीच असते. असे का होते आणि ती पुन्हा सरळ कशी करतात, हे या अंकात सांगायचे आम्ही ठरवले. विषय गॅरेजातला आहे, पण त्यात पाचवीचा लसावि आहे आणि प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपरही आहे.

गोव्याला परदेशी गाड्यांचे नवल पूर्वीपासून कमीच. 1961 पूर्वी पोर्तुगीज अमलात युरोपातल्या गाड्या येथे सहज उतरत, आणि मुक्तीनंतरही कित्येक वर्षे त्या आमच्या रस्त्यांवर धावत होत्या. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे जमिनीवरून गोव्यापर्यंत येणाऱ्या प्रवाशांची आवडती गाडी म्हणजे फोक्सवॅगनची व्हॅन. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तर ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबरग्लासच्या अंगाची, रेनॉ इंजिनाची दोन आसनी उघडी कार गोव्यातच बनली. तिचा आमच्या विषयाशी थेट संबंध नाही, पण स्पोर्ट्स कार ही केवळ परदेशातील चैन आहे असे समजणाऱ्यांना हे माहीत असलेले बरे.

आता मूळ मुद्दा. ट्रकच्या मागे एकावर एक रचलेले पोलादी पाटे आपण सर्वांनी पाहिले आहेत. मोटरसायकलच्या मागे वेटोळ्याची स्प्रिंग असते. परंतु स्प्रिंगचा तिसराही एक प्रकार आहे, आणि तो बाहेरून दिसतच नाही. पोलादाची एक सरळ दांडी घ्या, तिचे एक टोक पक्के धरून ठेवा आणि दुसऱ्या टोकाला एक लांब हात बसवा. हात वर ढकलला की दांडीला पीळ बसतो, आणि सोडला की दांडी पीळ सोडून हाताला परत खाली आणते. ओला टॉवेल पिळताना मनगटाला जो विरोध जाणवतो तोच येथे गाडी उचलून धरतो. हिलाच टॉर्शन बार म्हणतात. फर्डिनांड पोर्श यांनी 1931 साली या रचनेचे पेटंट घेतले. त्यांच्या फोक्सवॅगन बीटलमध्ये ती आली, बीटलचे भाग वापरून 1948 पासून बनलेल्या पोर्श 356 या स्पोर्ट्स कारमध्ये आली, आणि 1963 साली लोकांसमोर आलेल्या पोर्श 911 मध्ये 1989 पर्यंत टिकली. त्यानंतरच्या 911 ला वेटोळ्याच्या स्प्रिंगा बसल्या.

मोटरसायकलच्या मागच्या शॉकअपवर खाचांची एक कडी असते. ती पान्याने फिरवली की स्प्रिंग दाबली जाते आणि मागची बाजू थोडी वर येते, हे पुष्कळ पालकांनी स्वतः केले असेल. टॉर्शन बारला अशी कडी नाही. तेथे उंची बदलायची म्हणजे दांडी तिच्या घरातून काढून वेगळ्या कोनात परत बसवायची. दांडीच्या दोन्ही टोकांना बारीक उभे दाते कापलेले असतात. आतले टोक गाडीच्या मधोमध आडव्या नळीत बसते, बाहेरचे टोक चाकाकडे जाणाऱ्या पोलादी पट्टीत बसते.

खरी हुशारी येथे आहे. आतल्या टोकाला 40 दाते असतात आणि बाहेरच्या टोकाला 44.

वर्तुळ 360 अंशांचे. चाळिसाने भागले की एक आतला दाता 9 अंशांचा होतो. चव्वेचाळिसाने भागले की बाहेरचा दाता सुमारे 8 अंश 11 मिनिटांचा. पट्टीची लांबी दांडीपासून चाकाच्या मध्यापर्यंत 40 सेंटीमीटर धरली, तर एक आतला दाता सरकवल्याने चाक सुमारे 63 मिलिमीटर वरखाली होईल. सहा सेंटीमीटरहून जास्त! एवढ्या मोठ्या उडीने गाडी सरळ कशी करणार? बाहेरचा एक दाता सरकवला तर 57 मिलिमीटर. तेही तसेच निकामी. पण आतून एक दाता पुढे आणि बाहेरून एक दाता मागे घेतला, तर उरतो तो फक्त दोघांतला फरक, म्हणजे सुमारे 49 मिनिटे. गॅरेजच्या पुस्तिकांत तो सोयीसाठी 50 मिनिटे असा देतात. आमच्या 40 सेंटीमीटरच्या हातावर हे अंतर 6 मिलिमीटरहूनही किंचित कमी भरते. बोटाच्या पेराएवढेही नाही.

विद्यार्थ्यांनी 40 आणि 44 चा लसावि काढून पाहावा. तो 440 येतो. म्हणजे दोन जाड्याभरड्या मापांच्या जोडीतून वर्तुळाचे 440 भाग मिळाले, आणि त्यासाठी 440 बारीक दाते कापावे लागले नाहीत. तेवढे बारीक दाते गाडीच्या वजनाखाली तुटूनच गेले असते. दोन्ही टोकांना 40-40 दाते ठेवले असते तर फरक शून्य आला असता आणि सारी युक्ती फुकट गेली असती. 1631 साली प्येर व्हर्निए या फ्रेंच गणितज्ञाने मोजपट्टीसाठी जी कल्पना मांडली ती हीच. दहा भागांसमोर नऊ भाग ठेवा, आणि फरकातून सूक्ष्म माप काढा. प्रयोगवहीत ‘लघुतम माप 0.1 मिमी’ असे लिहिताना हे आठवावे.

गाडी खाली बसली की बहुतेक लोक प्रथम शॉकअप बदलतात. हा खर्च बहुधा वाया जातो. साधा तेलाचा शॉकअप गाडीचे वजन पेलत नाही, तो फक्त हेलकावे थांबवतो. उंची स्प्रिंग ठरवते. पण स्प्रिंगकडे वळण्याआधीही रबराकडे पाहावे. पट्टी ज्या रबरी बुशात फिरते ते रबर पन्नास वर्षांत दबून एका बाजूला झिजते आणि पट्टी तेवढी खाली येते. रबर न बदलता दात्यांचा हिशेब केला, तर नवे रबर बसल्यावर सगळे पुन्हा चुकते.

मोजणीही शिस्तीने करावी लागते. जमीन सपाट हवी, चारही टायरांत सांगितलेली हवा हवी, गाडीतले सामान काढलेले हवे. जॅकवरून उतरवलेली गाडी काही पावले पुढेमागे ढकलून बसू द्यावी, नाहीतर चाके तिरकी अडकून माप खोटे येते. मडगार्डच्या कडेपासून मोजू नये, कारण जुन्या गाडीचे पत्रे केव्हातरी ठोकून सरळ केलेले असतात. चाकाचा मध्य आणि दांडीचा मध्य यांच्या उंचीतला फरक घ्यावा. गाडी उचलल्यावर मोकळ्या पट्टीचा कोन पाणसळ असलेल्या कोनमापकाने मोजतात. तोच कोनमापक दाराच्या उंबऱ्यावरही ठेवायचा आणि गाडी जेवढी कललेली असेल तेवढे वजा करायचे. हे वजा करणे पुष्कळदा राहून जाते.

आता पालकांसाठी दोन गोष्टी, आणि त्या आम्ही जोर देऊन सांगतो. मोकळी दिसणारी ती पट्टी खरोखर मोकळी नसते. बीटलच्या पद्धतीच्या रचनेत ती पीळ भरलेल्या अवस्थेत एका पोलादी ओठावर टेकलेली असते. ओठावरून सुटताना ती एवढ्या जोराने खाली येते की हात मध्ये असेल तर हाड मोडेल. तिच्याखाली जॅक लावून तिला सावकाश उतरवतात, आणि त्या वेळी कोणाचाही हात किंवा डोके तिच्या वाटेत नसते. दुसरे म्हणजे गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली कोणी शिरू नये. हे फक्त स्पोर्ट्स कारचे नाही, घरच्या कोणत्याही गाडीचे आहे. खाली लोखंडी घोड्या लावलेल्या असल्याच पाहिजेत. सुट्टीत गॅरेजात उत्साहाने मदत करणाऱ्या मुलांना हे घरूनच बजावावे.

आमच्या किनाऱ्याला आणखी एक गोष्ट लागू पडते. टॉर्शन बारवरचा रंग हा शोभेचा नसतो. पिळल्या जाणाऱ्या दांडीवर सर्वांत जास्त ताण तिच्या पृष्ठभागावर येतो. तेथे रंगाला ओरखडा पडला, खाऱ्या वाऱ्याने गंज धरला, की त्या बारीक खड्ड्यातून तडा सुरू होतो आणि एके दिवशी दांडी तुटते. म्हणून दांडी काढली की पुसून, बोट फिरवून तपासतात, खड्डा दिसला तर ती टाकून देतात, आणि चांगली असल्यास रंग सांधून, दात्यांना ग्रीस लावून बसवतात. डावी दांडी उजवीकडे चालत नाही. कारखान्यात तिला एकाच दिशेने आधी पीळ देऊन ठेवलेला असतो, म्हणून टोकावर तशी खूण असते.

पावसाळ्यातले खड्डे आणि गावोगावचे गतिरोधक पाहून पुष्कळांना वाटते, मागची बाजू मूळच्यापेक्षा चांगली वर करून टाकावी. आमच्या मते हा मोह टाळावा. जुन्या बीटल आणि पोर्श 356 मध्ये चाकाचा धुरा आतल्या एकाच सांध्यावर झुलतो. मागची बाजू उंच झाली की दोन्ही चाकांचे खालचे भाग आत वळतात, आणि वेगात वळण घेताना चाक गाडीखाली दुमडून गाडी उलटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाडीच्या अशाच झुलत्या धुऱ्यावर राल्फ नेडर यांनी 1965 साली पुस्तकातून झोड उठवली होती. फार खाली केली तर टायर आतल्या कडेने झिजतात आणि गाडीचे पोट घासते. दोन्ही बाबतींत दिव्यांचा झोत बिघडतो. मागे बसलेल्या गाडीचा झोत समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो, आणि अरुंद रस्त्यावर रात्री याचा अर्थ काय हे पालकांना सांगायला नको.

कायद्याचेही थोडे. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात असली पाहिजे. तिची उंची कारखान्याने दिलेल्या मापाला आणणे म्हणजे दुरुस्ती, मनाला येईल तशी उचलणे म्हणजे फेरफार. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते.

काम संपल्यावर थोडे अंतर गाडी चालवून ती पुन्हा मोजतात, कारण सगळे भाग आपापल्या जागी बसायला वेळ घेतात. मग चाकांची अलाइनमेंट आणि शेवटी दिवे. हे काम शिकायची ज्यांना इच्छा आहे त्यांनी दहावीनंतरचा आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम लक्षात ठेवावा. विश्वस्तांनाही आमची एक सूचना आहे. विज्ञानाच्या खोलीत एखादी पोलादी दांडी, एक हात आणि काही वजने टांगून पिळाचा प्रयोग अगदी कमी खर्चात मांडता येईल.

तोपर्यंत एक गणित देतो. पट्टी 40 सेंटीमीटरचीच आहे आणि गाडीची डावी बाजू 17 मिलिमीटर वर घ्यायची आहे. आतून तीन दाते एका दिशेने आणि बाहेरून तीन दाते उलट दिशेने, हे उत्तर कसे आले ते मांडून दाखवा. उजवी बाजू 23 मिलिमीटर खाली घ्यायची असेल तर किती दाते आणि कोणत्या दिशेने, हे स्वतः काढून गणिताच्या शिक्षकांकडे द्यावे.