नवतारा आणि अतिदीप्त नवतारा : भेद प्रमाणाचा की प्रकृतीचा?

'नवतारा' ही संज्ञा प्रथमच ऐकणाऱ्यास ताऱ्याच्या जन्माचा बोध होतो. वस्तुतः ही घटना वृद्ध ताऱ्याच्या ठायी घडते. टायको ब्राहे याने 1572 साली शर्मिष्ठेत प्रकटलेल्या तेजास 'नवा तारा' म्हटले. तो पूर्वी दिसत नव्हता, इतकाच त्याचा अर्थ. पुढे वाल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी यांनी 1934 साली 'अतिदीप्त' हा प्रकार निराळा काढला. या विशेषणामुळे भेद केवळ तेजाचा आहे असे वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही संज्ञा येथेच फसवी ठरते.

नवताऱ्यात तारा मरत नाही. श्वेतबटू आपल्या जोडीदाराकडून हायड्रोजन ओढून घेतो. पृष्ठावर साचलेला हा थर पुरेसा तापताच अणुसंमीलनाने भडकतो व उधळला जातो. खालचा बटू शाबूत राहतो. उत्तर मुकुटातील 'टी' हा तारा 1866 मध्ये उफाळला आणि 1946 मध्ये पुन्हा उफाळला. एवढे तेज आमच्या भिवंडीच्या दिव्यांच्या उजेडातही नुसत्या डोळ्यांनी दिसावे.

अतिदीप्त नवताऱ्यांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. मिंकोव्स्की याने 1941 साली वर्णपटावरून त्यांचे दोन वर्ग पाडले : हायड्रोजनच्या रेषा नसलेला पहिला, असलेला दुसरा. शब्दांची कुळे केवळ अंत्याक्षरावरून ठरवावीत, तसेच हे झाले. कारण पहिल्या वर्गातील 'अ' उपप्रकारात श्वेतबटूच समूळ उडतो. त्याचे वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेजवळ, म्हणजे सूर्याच्या सुमारे 1.4 पट झाले असता असे घडू शकते. 'ब' आणि 'क' हे मात्र दुसऱ्या वर्गाचेच सगोत्र होत. सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा लोहमय गाभा सेकंदाच्या आत कोसळतो व न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर मागे उरते. 'ब' व 'क' यांनी हायड्रोजनचे कवच आधीच गमावलेले असते, एवढेच.

कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांना 2024 चा शॉ पुरस्कार मिळाला, तो अशाच क्षणिक तेजांच्या संशोधनाबद्दल. पालोमार येथील 48 इंची दुर्बिणीवर त्यांनी उभारलेल्या आकाशसर्वेक्षणास झ्विकीचेच नाव आहे. अशा शोधांतून नवतारा व अतिदीप्त नवतारा यांच्या मधल्या तेजाचेही स्फोट हाती येत आहेत. त्यांतील तांबडे नवतारे दोन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून उद्भवतात; 2008 साली वृश्चिकात असेच एक विलीनीकरण घडले. तेथे श्वेतबटू नाही, कोसळणारा गाभाही नाही. नाव मात्र पुन्हा 'नवतारा' हेच.