जुने घर घेताना

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात एक म्हातारा सालदार शाळेच्या ओसरीत निजतो. उभा जन्म त्यानं मालकाच्या गोठ्यात काढला. हातपाय थकले, साल सुटलं, अन् गोठाही सुटला. गुरुजींनी वर्गणी जमवली. एखादं जुनं घर त्याला घेऊन द्यावं, असा विचार. घर मिळालंही. मातीच्या भिंती, वर कवेलू, भाव परवडणारा. इसार तेवढा द्यायचा होता. मी विचारलं, "बाबा, पसंत आहे ना?" तो म्हणाला, "घर चांगलं हाये सर. पन मले अठून कोनी हाकलन त नाही ना?"

त्यानं नेमकं मर्मावर बोट ठेवलं. जुन्या घरात दोन गोष्टी असतात: भिंती आणि जागा. आपण भिंती पाहतो. त्याही पाहाव्यातच. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून भिंतींना तडे जातात. वासे टोचून पाहा, वाळवी कळते. पण भिंत दुरुस्त होते. जागा दुसऱ्याची निघाली, तर सारेच बुडाले.

मग जागा कोणाची, हे कसे ओळखावे? ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा दाखला नव्हे. स्टँपपेपरवर लिहून घेतले म्हणजेही घर आपले होत नाही. १८८२ च्या कायद्याप्रमाणे १०० रुपये वा अधिक किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत खताशिवाय होत नाही. ती नोंद दुय्यम निबंधकाकडे करावी. घर वडिलोपार्जित असेल, तर साऱ्या वारसांच्या सह्या हव्यात. २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत लेकींचाही मुलांइतकाच हिस्सा आहे, हे विसरू नका. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होते. तुमच्या गावी झाली असेल, तर मिळकत पत्रिका मागा.

आणखी एक. २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात घरासाठी १,२०,००० रुपये मिळतात, पण पायाखाली जागा लागते. पात्र माणसाला जागा नसेल, तर ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना साह्य देते. तेव्हा इसार देण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा: यादीत नाव आहे काय? नसेल तर काय करावे? कागद स्वच्छ असलेले पडके घर हे बिनकागदाच्या चांगल्या घरापेक्षा केव्हाही बरे.

आम्ही कागद पाहिले. घर विकणाऱ्याच्या आजोबांच्या नावे निघाले. दिग्रसला दिलेल्या एका बहिणीला तर कोणी विचारलेही नव्हते. इसार थांबवला. तिची सही झाली की खरेदी होईल. पावसाळा तोंडावर आहे आणि म्हातारा अजून ओसरीतच आहे.

शिक्षक मित्रहो, तुमच्या गावातही असा कोणी असेल. वर्गणी तर काढाच; पण त्याच्याजवळ बसून त्याला तो कागद वाचूनही दाखवा.