पुन्हा दगड होणारा रंग

पोर्तुगालची राजधानी लिस्बन. तिथून उत्तरेकडे बस पकडली की तासाभरात, साधारण ८० किलोमीटरवर, टेकडीवर वसलेलं एक चिमुकलं गाव लागतं. ऑबिदुश त्याचं नाव. सगळं जुनं गाव तटबंदीच्या आत! चला, सकाळी जाऊ आणि संध्याकाळी परत येऊ.

गावाच्या वेशीतून आत शिरलात की एकदम समोर भिंत येते. वाट काटकोनात वळते आणि मग दुसरा दरवाजा. धावत येणाऱ्या शत्रूचा जोर या वळणातच मोडायचा. शिवकालीन किल्ल्यांचे बुरुजांआड लपलेले दरवाजे आठवले ना? युक्ती तीच.

पण घाईघाईने पुढे जाऊ नका, मान वर करा. वेशीच्या आतल्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या चित्रांच्या फरश्या आहेत, १८व्या शतकातल्या. पोर्तुगीज त्यांना ‘आझुलेजु’ म्हणतात. पणजीतल्या जुन्या घरांवरही अशा फरश्या दिसतात. भाजलेल्या मातीच्या फरशीवर आधी कथिलाचं ऑक्साइड घातलेली पांढरी झिलई चढवायची, ती सुकली की कोबाल्टच्या रंगाने चित्र काढायचं. कोरडी झिलई रंग झटकन शोषते, त्यामुळे खाडाखोड करायची सोयच नाही! आणि गंमत म्हणजे चित्र काढताना हा रंग निळा दिसतच नाही, काळपट दिसतो. भट्टीत झिलई वितळून तिची काच झाली, की त्या काचेत कोबाल्टचा निळा उमलतो. चित्रकाराला तो आधी मनातच बघावा लागतो. मला हे फार थोर वाटतं.

आता गल्लीत या. दोन्ही बाजूंना पांढरीशुभ्र घरं आणि त्यांच्या पायथ्याशी निळे, पिवळे पट्टे. आपलं खरं काम या पांढऱ्या रंगाशी आहे.

अशा भिंतींना पिढ्यानपिढ्या चुना देत आले. चुना येतो चुनखडीच्या दगडातून. दगड भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीतून तब्बल ४४ ग्रॅम वायू उडतो, उरते ५६ ग्रॅम चुनकळी. ती पाण्यात टाकली की फसफसते, पाणी अक्षरशः उकळायला लागतं! (तिला हात लावायचा नाही हं, कातडी भाजते.) ही झाली विरलेली चुनकळी. तीच पातळ करून कुंच्याने भिंतीला फासायची.

आणि मग? मग भिंत हवा खाते! चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि त्याची पुन्हा चुनखडी होते. म्हणजे जेवढा वायू भट्टीत उडाला, तेवढाच वायू हवेतून घेऊन रंग परत दगड होतो. ऑबिदुशची घरं दगडाची पातळशी साय पांघरून उभी आहेत. ही साय ऊन परतवते, म्हणून आत गारवा राहतो. शिवाय ताज्या चुन्यात बुरशीची डाळ शिजत नाही.

गल्लीच्या टोकाला, किल्ल्याजवळ, सांतियागुचं चर्च आहे. आत डोकावलात तर पुस्तकांचं दुकान! २०१५ साली युनेस्कोने या गावाला ‘साहित्याचं शहर’ म्हटलं. इथे वेळ कमी पडणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

त्यानंतर तटावर चढू. घेर सुमारे दीड किलोमीटर, उंची काही ठिकाणी १३ मीटर, आणि आतल्या बाजूला कठडा नाही. म्हणून मोठ्या माणसाचा हात धरूनच चालायचं. वरून गावाबाहेर कमानींची लांब रांग दिसते. राणी कातरिना हिने १६व्या शतकात बांधून घेतलेला हा ३ किलोमीटरचा जलवाहक. पंप नाही, यंत्र नाही. फक्त हलका उतार, आणि पाणी आपसूक गावात. राणीनेच का? कारण १२८२ मध्ये राजा दिनिश याने हे गाव राणी इझाबेलला दिलं आणि तेव्हापासून ते राण्यांचंच राहिलं, १९व्या शतकापर्यंत.

भिंतींचं गुपित तुम्हाला शाळेतही बघता येईल. बाईंना चुन्याची निवळी मागा आणि त्यांच्या देखरेखीखाली नळीने तिच्यात फुंका. फुंकायचंच, ओढायचं नाही! निवळी दुधाळ होते, म्हणजे तुमच्या श्वासातून चुनखडी तयार झाली. पण तसंच फुंकत राहा. हळूहळू दुधाळपणा जातो, पाणी पुन्हा नितळ! जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे चुनखडी विरघळली. पावसाच्या थेंबांतही हा वायू असतोच. तो ऑबिदुशच्या भिंतींवरची साय थोडी थोडी विरघळवतो, आणि म्हणूनच चुन्याच्या घरांवर दर काही वर्षांनी पुन्हा कुंचा फिरवावा लागतो.