डहाणू-तलासरी : आडव्या वाटेचा प्रवास

मुंबईहून गुजरातेकडे जाणारे सारे मोठे मार्ग डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या परिसरातून दक्षिणोत्तर धावतात. पश्चिमेस समुद्रालगतच्या वाड्या-बागांतून जाणारा गावरस्ता, मध्ये १८६४ साली मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत येऊन पोचलेला बी. बी. अँड सी. आय. कंपनीचा जुना लोहमार्ग, आणि पूर्वेस मालमोटारींनी अहोरात्र गजबजलेला राष्ट्रीय महामार्ग. या तिन्हींपैकी कोणत्याही मार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला हा मुलूख खिडकीतून तासाभरात दिसतो आणि तितक्याच लवकर विसरला जातो. कारण येथील लोकजीवनाची दिशा दक्षिणोत्तर नसून पूर्व-पश्चिम आहे. डोंगरातल्या पाड्यावरचा माणूस मजुरीसाठी बागेत उतरतो, बंदरपट्टीतली मच्छी आठवड्याच्या बाजाराला वर चढते, आणि शाळा, दवाखाना, कचेरी यांसाठी सर्वांनाच आडवे जावे लागते. म्हणून ज्याला हा प्रांत खरोखर पाहायचा असेल त्याने स्वतःचे वाहन घरी ठेवून रेल्वेने डहाणूला उतरावे, आणि तेथून पुढे एस. टी. आणि सहप्रवाशांबरोबरच्या रिक्षा यांच्या आधाराने समुद्रापासून सरहद्दीपर्यंत दोन दिवसांचा फेरा करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या फेऱ्यास खर्च फार थोडा येतो. १६ एप्रिल २०१३ रोजी मुंबईची उपनगरीय सेवा विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत वाढली, त्यामुळे चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरचा प्रवास दुसऱ्या वर्गाच्या चाळिशीच्या आतल्या तिकिटात होतो. एस. टी.त स्त्रियांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे पडते आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांना ऑगस्ट २०२२ पासून भाडेच पडत नाही. घरातल्या आजीला आणि नातींना बरोबर घेऊन निघालेल्या कुटुंबाला ही सवलत लहानसहान नव्हे. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ज्या गावी उतराल तेथे उतरताक्षणीच वाहकाला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्यावी. पाड्यांकडे जाणाऱ्या फेऱ्या थोड्या असतात, आणि संध्याकाळी आत गेलेली गाडी पुष्कळदा मुक्कामाची असते, म्हणजे ती पहाटेखेरीज परत येत नाही.

विरार मागे पडले की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव अशी स्थानके येतात. वैतरणेच्या पुलानंतर दृश्य मोकळे होते. खाजण, मिठागरे, भातखाचरे आणि दूरवर डोंगरांची निळी रांग दिसू लागते. डहाणू रोड स्थानकाबाहेर पश्चिमेस निघाले की एस. टी.चा तळ जवळच आहे. जुने डहाणू गाव, खाडी आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांच्या अमलाखाली आलेला पोर्तुगीज कोट तेथून थोड्या अंतरावर आहे. शहरात फार रेंगाळण्याचे कारण नाही. बोर्डीकडे जाणारी गाडी वा रिक्षा धरावी.

नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी ही गावे एकमेकांना लागून आहेत, आणि रस्त्याच्या एका अंगास सुरूची झाडे व सपाट, काळसर वाळूचा किनारा, तर दुसऱ्या अंगास चिकूच्या बागा अशी त्यांची ठेवण आहे. ओहोटीला येथील समुद्र इतका मागे सरकतो की पाण्याला पाय लावण्यासाठी बरेच अंतर चालावे लागते. चिकूचे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ते या पट्ट्यात रुजले आणि २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाने त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पारशी, इराणी, गुजराती आणि मराठी बागाईतदारांच्या या वाड्यांमध्ये काढणी चालू असताना विनंती केली तर आत जाऊ देतात, आणि ते काम पाहण्याजोगे असते. कालीपत्ती या जातीचे फळ पिकून पिवळे-तांबडे होत नाही, तेव्हा तयार फळ ओळखायचे कसे? मजूर फळावर नखाने हलकी रेघ ओढतो. सालीखाली हिरवे दिसले तर ते झाडावरच राहू देतो, पिवळसर दिसले तर तोडतो. उंचावरच्या फळांसाठी जाळी बांधलेला लांब बांबू असतो. तोडलेल्या फळाच्या देठातून पांढरा चीक ओघळतो, अंगावरची तपकिरी भुकटी चोळून काढावी लागते, मग आकारमानाप्रमाणे ढीग लागतात आणि खोक्यांत भरून माल दूरच्या बाजारपेठांकडे रवाना होतो. बागाईतदाराचे नाव खोक्यावर असते. नखाने फळ पारखणारा हात बहुधा वारली किंवा दुबळा समाजातल्या मजुराचा असतो, आणि तो सकाळी त्याच आडव्या वाटेने, पूर्वेकडून आलेला असतो.

बोर्डीत रात्रीचा मुक्काम करावा. घरगुती निवासाच्या सोयी येथे पुष्कळ आहेत, आणि तांदळाची भाकरी व ताज्या मच्छीचे कालवण हे जेवण कोणत्याही खानावळीत मिळते. ज्याच्या पायात बळ आहे त्याने असावलीच्या धरणाजवळून बाहरोटच्या डोंगराची चढण चढावी. संजाणचा पाडाव झाल्यानंतर पारशी धर्मगुरूंनी आपला पवित्र अग्नी या डोंगरातील लेण्यांत बारा वर्षे जपला, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. पुढे वांसदा, नवसारी असा प्रवास करीत तो १७४२ मध्ये उदवाड्याला स्थिर झाला.

परंतु बोर्डीचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे महत्त्व निराळेच आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना केली आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शहरातील सुखवस्तू मुलांसाठी परदेशी धाटणीची, महागड्या साधनांची बालमंदिरे निघत होती अशा त्या काळात या दोघींनी खडे, शिंपले, पाने, बिया आणि माती एवढ्या सामग्रीवर बालशिक्षण उभे करून दाखविले. १९५७ मध्ये ते केंद्र बोर्डी सोडून कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि स्थलांतराचे कारण हेच की ज्या आदिवासी मुलांसाठी काम करायचे ती मुले टेकडीच्या आसपास होती. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. थोरली भावंडे धाकट्यांना सांभाळतात म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा यांची एकत्र विकासवाडी केली. मुले गुरांमागे जातात, तर गुरे चरतात तेथेच, झाडाखाली कुरणशाळा भरविली. आज देशभर खेडोपाडी दिसणाऱ्या अंगणवाडीच्या कल्पनेचे बीज ताराबाईंच्या या खटपटीत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. अनुताई १९९२ मध्ये निवर्तल्या. घोलवडहून कोसबाडला रिक्षाने जाता येते. टेकडीवर उभे राहून एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे पाड्यांचा पसारा पाहिला की संस्थेसाठी ही जागा का निवडली असेल, याचा उलगडा आपोआप होतो.

दुसऱ्या दिवशी तलासरी गाठावी. तलासरी गावी लोहमार्गाचे स्थानक नाही, म्हणून त्याची सारी भिस्त रस्त्यावर आहे. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये वेगळी झाली तेव्हा जुन्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि उरलेल्या गावांचा तलासरी हा महाल झाला. त्याचाच पुढे तालुका बनला आणि २०१४ मध्ये तो नव्या पालघर जिल्ह्यात आला. कागदावरची सरहद्द अशी सरकली, परंतु माणसांचे येणे-जाणे तिने थांबविले नाही. सकाळच्या गाड्यांत उंबरगाव-वापीच्या कारखान्यांकडे निघालेले तरुण, डबा मांडीवर ठेवलेल्या मुली आणि बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या एकाच बाकावर दाटीने बसलेल्या असतात, आणि वारली, मराठी, गुजराती अशा तिन्ही बोलींत त्यांचे संभाषण सहज फिरत असते. तालुक्याच्या लोकसंख्येत दहांपैकी नऊ माणसे आदिवासी आहेत.

याच भूमीवर, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी गावी, २३ मे १९४५ रोजी वारल्यांची परिषद भरली आणि हजारो लोकांनी वेठ न करण्याची शपथ घेतली. त्या शपथेचे मोल कळण्यासाठी आधीची स्थिती ध्यानात आणली पाहिजे. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या अल्पशा कर्जापायी नवरा आणि बायको दोघेही जन्मभर त्याच्या शेतावर राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. जमीनदाराचे बोलावणे आले की स्वतःच्या शेतातले काम टाकून बिनमोल जावे लागे. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने ही पद्धत मोडून काढली. पुढचा प्रश्न मजुरीचा होता. मुंबईच्या गोठ्यांसाठी या भागातील गवत रेल्वेने जात असे, आणि पाचशे रत्तल गवताच्या कामाला अडीच रुपये मिळावेत, एवढीच मागणी होती. या मागणीसाठी झालेल्या संपाच्या धामधुमीत १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० सालचे पुस्तक या सर्वांचा प्रत्यक्ष सहभागीने लिहिलेला दस्तऐवज आहे, आणि प्रवासाला निघण्यापूर्वी ते वाचून घ्यावे. तलासरीत उतरल्यावर जे लाल झेंडे जागोजागी दिसतात त्यांचा अर्थ मग परक्या माणसालाही लागतो. दर वर्षी १० ऑक्टोबरला येथे हुतात्म्यांचे स्मरण केले जाते.

तलासरीहून महामार्गाने दक्षिणेस निघालेली गाडी दापचरीवरून चारोटीकडे येते. चारोटीच्या अलीकडे विवळवेढे येथे महालक्ष्मीचे देऊळ आहे; चैत्री पौर्णिमेपासून पंधरवडाभर तेथे जी जत्रा भरते ती या साऱ्या डोंगरपट्टीचा वार्षिक मेळावाच असतो, आणि देवीचे पुजारीपण आदिवासी घराण्याकडे आहे. चारोटी नाक्यावर गाडी बदलून डहाणूची धरली की वाटेत गंजाड लागते. याच गावच्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा म्हसे राहत असत. लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम वारल्यांमध्ये सुवासिनींचे. म्हसे यांनी विधीपलीकडे जाऊन शेत, मासेमारी, तारप्याचा नाच असे रोजचे जीवन कागदावर व कापडावर आणले, आणि १९७० नंतरच्या दशकांत ही चित्रे जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. परिसरात चित्रे काढणारी घरे आज अनेक आहेत. शहरातील दुकानातून छापील नक्कल विकत घेण्यापेक्षा येथे कलावंताकडूनच लहानसे चित्र घ्यावे, आणि किंमत पाडून मागू नये.

गंजाडहून आशागडमार्गे गाडी परत डहाणू रोडला येते. हाताशी अर्धा दिवस उरला असेल तर वरोर-चिंचणीच्या बाजूस जाणारी एस. टी. धरून वाढवणचा किनारा अवश्य पाहावा. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील पर्यावरण प्राधिकरणाने याच वाढवणच्या नियोजित बंदराला १९९८ मध्ये मनाई केली होती. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंदराची कोनशिला बसली, आणि किनाऱ्यावरील मच्छीमारांचा विरोध चालूच आहे. ओहोटीच्या वेळी पोचलात तर ज्या खडकाळ पट्ट्यात मासे वाढतात आणि ज्याच्यावर या गावांची पोटे चालतात, तो पट्टा उघडा पडलेला पाहायला मिळेल.